दोन कड्या

सेन्या बेट,
२४ जून

प्रिय आस्ता,

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. जूनमध्ये मोजे पाठवणारी तूच, पण घातले लगेच. मी बरी आहे, पेदरही बरा आहे. त्याच्या गुडघ्याचं तुला माहीतच आहे.

काल सांक्त हान्सच्या सणाचा जाळ पेटला तेव्हा आम्ही दोघं किनाऱ्यावर नव्हतो, हे शेजारच्या इंगोल्फच्या बायकोने तुला एव्हाना कळवलं असेल. तिच्या पोटात काही राहत नाही. कोंबड्यांमुळे नाही गेलो, बाकी काही नाही.

ह्या कोंबड्यांनी माझा जीव खाल्लाय. खरं तर त्याच बिचाऱ्या खाल्ल्या जातायत. आधी गेली ती पांढरी, तुझ्या हातातून दाणे टिपायची ती. गवतात पिसांचं रिंगण, मधे उरलंसुरलं. ससाण्याचंच काम. कोल्हा असा जागेवर बसून जेवत नाही, उचलून नेतो. बरं, ह्या मेल्याला गोळी घालायचीही सोय नाही, कायदा त्याला जपतो. माझ्या कोंबड्यांना जपणारा कायदा अजून कोणी केलेला नाही.

मग इंगोल्फकडून हेरिंग पकडायचं जुनं जाळं आणलं आणि खुराड्यापुढच्या कुंपणावर ताणून बांधलं. तो खाली उभा राहून मजा बघत होता. "गुनवोर, आता आभाळात मासे धरणार का?" म्हणाला. मी म्हटलं, शिडी धर आणि गप्प बस. सिंद्रेने तर ओस्लोहून खुराड्याचं दार पाठवलंय, अंधार पडला की आपोआप बंद होणारं. जूनमध्ये, आणि इथे, जिथे रात्रभर सूर्य मावळत नाही. माझ्याच पोटचा मुलगा, ह्याच घरात वाढलेला. खोकं तसंच पडलंय.

जाळं पक्कं बसलं. तरी आणखी दोन गेल्या, त्याही कुंपणाबाहेर, बटाट्याच्या वाफ्यात. फाटकाची खिटी वाऱ्याने निघते, असं मी इंगोल्फला सांगितलं. तुलाही फोनवर तेच सांगितलं.

वाऱ्याने नाही निघत, आस्ता. खिटी काढून खिडकीत नीट ठेवलेली असते, शेजारी पेदरचा कॉफीचा कप.

तो मध्यरात्री उठतो, पडदा सारतो, बाहेर ऊन दिसतं, की सकाळ झाली म्हणून कोंबड्या सोडायला निघतो. आपल्याकडे शेंबडं पोरसुद्धा जूनच्या उन्हाला फसत नाही. ह्याने तर आयुष्यभर ह्याच उन्हात होड्या बांधल्या. मी चिडते, ओरडते, मग मलाच रडू येतं. तो म्हणतो, "अगं, भुकेल्या असतील त्या." परवा कोंबडी शोधत किनाऱ्यावर गेला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहिला. घरच्या सपाता पायात. इंगोल्फने हात धरून आणला. आता तो थट्टा करत नाही, त्याचाच मला जास्त राग येतो.

सिंद्रेला ह्यातलं काही सांगू नकोस. तो मिळेल त्या विमानाने येईल आणि बापाला तालुक्याच्या वृद्धाश्रमात ठेवून जाईल. ह्या माणसाला मी तिथे ठेवणार नाही. माझ्याने होतंय तोवर तरी नाही.

आज दुकानातून दोन पितळी कड्या आणल्या. एक फाटकाला, एक आमच्याच दाराला, आतून, अगदी वर चौकटीशी. माझ्याने ड्रिल धरवेना. पेदरने ते काढून घेतलं. काय सुरेख बसवल्या म्हणून सांगू, सगळे स्क्रू एका रेषेत. घराची बसवताना थांबला.

"इतकी उंच कशाला? ससाणा काय दार उघडतो?"

"हा उघडतो," मी म्हटलं.

"मग घट्टच बसवतो," म्हणाला, आणि त्याने एक स्क्रू जास्तीचा घातला.

उद्या त्याला ही कडी आठवणार नाही, ह्यावरच माझी सगळी भिस्त आहे.

तू ये. हिवाळ्याची वाट बघू नकोस, अजून तो तुला नावाने ओळखतो. दार वाजवलंस की जरा दम धर. कडी काढायला मला स्टूल आणावं लागतं.

तुझी,
गुनवोर