‘भाड्याने’ असं लिहिलं

मंगळवार, संध्याकाळ

शी, किळस आली आज. शाळेपासूनच्या मित्राची, सच्याची गाडी चार दिवस भाड्याने घेतली आणि खराडीत खांबाला ठोकली. विम्याच्या फॉर्मवर खरं तेच लिहिलं, ‘भाड्याने’. तपासायला आलेला माणूस हसला. “अहो, खासगी गाडीचा विमा आहे. भाड्याने दिली म्हटलं की क्लेम गेला. नवा फॉर्म घ्या, ‘मित्राने वापरायला दिली’ लिहा.”

म्हणजे खोटं लिहिलं तरच भरपाई? (मंडईतून अंजिरं आणायची राहिलीच.)

सच्या भडकला. “शाळेत कधी चार ओळी लिहिल्या नाहीस, इथे बरी लेखणी चालली! फॉर्म भर आणि परत तोंड दाखवू नकोस.”

भाड्याने! एवढ्या एका शब्दावर?

भरला फॉर्म. ‘मालकाशी नातं’ यापुढे ‘मित्र’ लिहिलं. आता तेही खोटंच.