साडेतीन येऊच शकत नाही

३ मार्च
प्रबंध जमा करायला चौदाच दिवस! पुण्याहून माकणीला घरी येऊन बसले ते बरं केलं, इथं कुणी काही विचारत नाही. अण्णा सोडून. "पाच वर्सं झाली शिवांजली. नुसती अक्षरंच दिसत्यात. शेवटी आकडा किती येतो?"
हसूच आलं. आमच्या विषयात आकडा घालून बघणं कमीपणाचं. सूत्र सिद्ध झालं की झालं. पण अण्णांसाठी म्हणून माझे मार्गदर्शक वीरभद्र सरांच्या सूत्रात सगळ्यात साधं उदाहरण घातलं — उत्तर साडेतीन.
आई लगेच, "मग चांगलंच की गं! आपलं तुळजापूर साडेतीन पीठांतलंच न्हाय का?"

४ मार्च
साडेतीन येऊच शकत नाही.
सबफॅक्टर म्हणजे मोठ्या रचनेच्या आत बसलेली तशीच लहान रचना. तो कॉन्फॉर्मल फील्ड थिअरी या भौतिकशास्त्रातल्या सिद्धांतातून निघालेला असो की दुसरा कुठला, त्याचा निर्देशांक — आतल्या रचनेपेक्षा बाहेरची किती पट मोठी तो आकडा — चारच्या खाली ठरावीक पायऱ्यांवरच असतो. ३.४१४ नंतर थेट ३.५३२. मधे पाय ठेवायला जागाच नाही! माझंच काहीतरी चुकलं असणार.

७ मार्च
तीनदा केलं. साडेतीनच. आता सरांचं सूत्रच मुळापासून काढून बघते.

९ मार्च
सापडलं. चूक माझी नाही, सरांची. त्यांच्या जुन्या शोधनिबंधात, पान नऊ — दोननं दोनदा गुणायचं तिथं एकदाच गुणलंय. खरं उत्तर सात! आणि माझा अख्खा प्रबंध सांगतो, या कुळातले सगळे निर्देशांक चारच्या खाली. ती ओळ मी एकदाही तपासली नाही. सरांची म्हणून! स्वतःचाच संताप येतोय.
"लोहाऱ्याला छपाईला कधी जायचं?" अण्णा विचारत होते. बघू म्हटलं. कॉलेजातली नोकरी या पदवीवर अडलीय, ते त्यांनाही ठाऊक आहे.

११ मार्च
वीरभद्र सरांना मेल केला, पान नऊचा फोटो जोडून. एरवी पाच मिनिटांत उत्तर येतं. आलं नाही.

१३ मार्च
अजून नाही. सत्तरी गाठलेला माणूस — धक्का बसला असेल का? मेल केला ते चुकलंच, असं वाटतंय.

१४ मार्च
सरांचा फोन आला. आवाज अगदी शांत. "आकडा सहा वर्षांपूर्वी तुझ्या आधीच्या माझ्या विद्यार्थ्यानं, अमरसिंहनंही घालून मला दाखवला होता. तो संशोधन सोडून गेला. तू तसं करू नकोस. आहे तसं सोमवारी जमा कर, पान नऊ कुणी बघत नाही."
मला हा विषय सरांनीच दिला. त्याला पाच वर्षं झाली.