अँथनीचा दहावा गोल

२८ डिसेंबर, रविवार
निवाड्याला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. एक हात गायब. पगारी खेळाडूंची फुटबॉल लीग, वादातला गोल कुणाच्या नावावर हे ठरवणारी समिती, तिचा मी अध्यक्ष, आणि कोपर टेकायला जागा नाही. तीव्र निषेध नोंदवला. फक्त इथे.

आजची केस: अँथनीचा शॉट समोरच्या टीमच्या प्रितेशच्या नडगीला लागून आत गेला. रेफ्रीने प्रितेशचा स्वयंगोल लिहिला. शॉट मुळातच गोलकडे चालला असेल, तर गोल अँथनीचा. त्याचा दहावा. दहा झाले तर क्लब पुढच्या सीझनला ठेवणार, नाही तर नारळ. पुढच्या रविवारी पाचपर्यंत समिती बोलली नाही, तर रेफ्रीचं कायम. उद्याच निकाल देतो.

२९ डिसेंबर
व्हिडिओ पाहिला. सरळ गोलकडे. वादच नाही. बाकीचे दोन सदस्य म्हणाले, भाऊ, तुम्ही ठरवा, आम्ही सही करतो.

जेवताना बायकोने, विनयाने, विचारलं, कॅथरिनच्या डब्यातले नाताळचे फुगे सगळे तुम्हीच खाल्लेत का? मीच. कॅथरिन म्हणजे शेजारीण. अँथनीची आई. पोटात तिचे तळलेले फुगे आणि हातात तिच्या पोराचा गोल. लगेच निकाल दिला तर माणिकपुरात काय बोलतील? थोडे दिवस जाऊ देऊ. तटस्थपणा मुरला पाहिजे.

१ जानेवारी
संकल्प: कुणाच्या घरचं खायचं नाही. संध्याकाळी केक खाल्ला. दुसऱ्या मजल्यावरचा. त्यांच्यात कुणी खेळत नाही.

कॅथरिन जिन्यात भेटली. गोलाबद्दल चकार शब्द नाही. डबा तेवढा द्या म्हणाली. रिकामा कसा देणार? भरून दिला तर देवाणघेवाण दिसेल. निकालानंतर बघू. विनया म्हणाली, अहो, डब्याचं राहू द्या, त्या पोराचं काय ते लिहून टाका. हिला प्रोसिजर कळत नाही.

३ जानेवारी
निकालपत्राचा मसुदा. पहिलं पान माझ्या तटस्थपणावर. दुसरंही. गोल अजून आलेला नाही.

४ जानेवारी, रविवार
दुपारी जरा आडवा झालो. उठलो तेव्हा दिवे लागले होते.

५ जानेवारी
निकाल पाठवला. गोल अँथनीचा, एकमताने. लीगचं उत्तर आलं: मुदत काल संपली. क्लबची यादीही लागली. अँथनी नाही.

नाक्यावर प्रितेश भेटला. म्हणाला, काका, गोल त्याचाच होता, माझी नडगी फक्त मध्ये आली. मला एक फोन केला असता तर मीच तसं लिहून दिलं असतं.

८ जानेवारी
अँथनी आता मामाच्या फुलांच्या टेम्पोवर जातो. पहाटे त्यांचं दार वाजतं.

डबा घासला. गास गावातल्या आमच्या वाडीची सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, भरली. शेजारी नेऊन दिला.
कॅथरिनने झाकण उघडलं नाही. म्हणाली, एवढी काय घाई होती, भाऊ.