बाहेरून धरलेलं लोखंड

क्वेकर्स हिल, सिडनी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीची पाठ कशी आहे? इकडे उन्हाळा लागतोय. तनय नऊ वर्षांचा झाला, आम्ही मराठीत विचारतो आणि तो इंग्रजीत उत्तर देतो. चार वर्षांनी लिहिते आहे आणि तेही कागदावर, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर लगेच डिलीटही केलं असतं. मी स्वतःला ओळखते.

मागच्या रविवारी तुझा मेसेज आला. 'श्रियाला सिडनीच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली. फेब्रुवारीत येईल.' लेकीची बातमी तेवढी दिलीस, कशी आहेस नाही, काही नाही. दहादा वाचला. त्यावर येतेच, पण आधी माझा नवा उद्योग ऐक.

मी होडी बांधते आहे. हसू नकोस. स्कोफिल्ड्सला एका शेडमध्ये लेम्बित नावाचे म्हातारे एस्टोनियन गृहस्थ आहेत, त्यांचे आईवडील युद्धानंतर निर्वासित होऊन इथे आले. हजार वर्षांपूर्वी त्यांच्या सारेमा बेटावर होड्या बांधायचे तशीच होडी ते आम्हा सातआठ जणांकडून शनिवारी शनिवारी बांधून घेतात. तिथले लोक जमिनीत राय नावाचं धान्य पेरायचे, मासे धुरावर सुकवायचे आणि संधी मिळाली की समुद्रात उतरायचे. व्हायकिंग म्हटलं की सगळ्यांना नॉर्वे-स्वीडनच आठवतं, याचा लेम्बितना भारी राग. म्हणतात, "आमचे लोक त्यांनाच लुटून यायचे, मेट."

पहिल्याच दिवशी मी शेखी मिरवली, की मी होड्या बांधणाऱ्या शिवराम मेस्त्रींची मुलगी. आणि तोंडावर आपटले. बाबा फळीला फळी भिडवायचे आणि मग फटीत कापूस ठासायचे, आठवतं ना? इथे एका फळीची कड दुसरीवर चढवतात. मी कुणाला काही विचारलं नाही. बाकीचे चहाला गेले तेवढ्यात चांगली दोन हात फट कापसाने ठासून बंद केली. पुढच्या शनिवारी बघतो तर फळ्या एकमेकींपासून सुटायला लागलेल्या. लेम्बित रागावले नाहीत, पण अकरा खिळे माझ्याकडूनच काढून घेतले. मग डांबरात भिजवलेली लोकर हातात दिली. ही दोन फळ्यांच्या मध्ये, खिळे मारायच्या आधी घालायची. मागून जितकं ठासाल तितकी फट वाढते.

त्याच दिवशी चहाला त्यांनी सारेमावरची एक गोष्ट सांगितली. केबलसाठी खणताना दोन जुनी जहाजं सापडली. समुद्रापलीकडून आलेले योद्धे, लढाईत मेलेले, सोबत्यांनी परक्या किनाऱ्यावर जहाजातच पुरलेले. हाडं तपासली तर त्यांतले चार जण सख्खे भाऊ निघाले, शेजारी शेजारी ठेवलेले. बाकीचे 'वॉव' म्हणाले. मी कप घेऊन बाहेर गेले आणि रडले.

दादा, २०२१च्या जुलैत, कोविडमुळे सीमा बंद असताना बाबा गेले तेव्हा मी म्हणाले, इथल्या सरकारने देशाबाहेर जायची परवानगी नाकारली. ते खोटं होतं. मी अर्जच केला नव्हता. फॉर्म पूर्ण भरला, शेवटचं बटण दाबलं नाही. गेले आणि परत येऊ दिलं नाही तर तनयचं काय, नोकरीचं काय, या भीतीने फॉर्म तसाच बंद केला. पुढे तू विचारलंस, "मग मावशीची निहारिका मेलबर्नहून कशी आली?" तर मी उलट तुझ्यावरच भडकले आणि फोन ठेवला. अग्नी तू एकट्याने दिलास, अस्थी तू एकट्याने नेल्यास, आणि रुसून मी बसले. नंतरचे माझे दिवाळीचे मेसेज, वहिनीला पाठवलेला स्वेटर, सगळा मागून ठासलेला कापूस.

मला माफ कर. करशील की नाही ते तू ठरव.

इथेही एका खिळ्याला दोन माणसं लागतात. एक आतून खिळ्याचं टोक ठोकून चपटं करतो, दुसरा बाहेरून खिळ्याच्या डोक्याला लोखंड लावून धरतो. मध्ये फळी, तोंड दिसत नाही. बाबांकडे तू आत असायचास, मी बाहेर. कामात बोललेलं त्यांना खपायचं नाही, म्हणून तू आतून एक ठोका द्यायचास, म्हणजे 'आहेस ना?' मी लोखंडाने एक द्यायचे, म्हणजे 'धरलंय.' कधी मी रुसून गप्प राहिले तर तू तसाच हातोडा घेऊन थांबायचास. माझं उत्तर आल्याशिवाय तू एकही खिळा मारला नाहीस.

तुझा तो दीड ओळीचा मेसेज मला त्या आतल्या ठोक्यासारखा वाटला. तुझ्या मनात तसं नसेलही, पण मला तसंच वाटलं.

श्रियाने आमच्याकडेच राहायचं, तिच्यासाठी एक खोली रिकामी करते आहे. तिला सोडायला तू ये. होडी मार्चमध्ये पाण्यात जाईल. शेवटची फळी फेब्रुवारीपर्यंत ठेवा, आतून ठोकणारा माझा माणूस यायचाय, असं मी लेम्बितना सांगितलं. ते म्हणाले, "नो वरीज. पण लोकर आधी घाल." म्हणून हे पत्र.

बाबांचं लोखंड माळ्यावर असेल, येताना घेऊन ये. सामानात जड होईल, होऊ दे.

धरलंय, दादा.

तुझी,
मयूरा