साडेतीन सीसीचे इंजिन, शिशाचा तुकडा आणि किसनराव

मी, मार्तंड गोविंद धर्माधिकारी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त विज्ञान शिक्षक, राहणार अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेनाने आणि दाराची कडी आतून लावून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. जयमाला ठेंग यांनी दिला असून तो मी चिखलीच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून खरा असल्याची खात्री करून घेतली आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा विचार कोणाच्या मनात येऊन गेला असल्यास तो माझ्या लक्षात आलेला आहे, एवढे समजावे.

हे टाईप करून घेतलेले नाही. टाईप केलेल्या कागदातले मधले पान कोण कधी बदलेल याचा नेम नाही. लिहायला काही दिवस लागतील. जिथे खाडाखोड दिसेल तिथे बाजूला माझी सही असेल. पान फाडून नवे लिहिणार नाही, कारण मग लोक आधी काय लिहिले होते याचा तर्क करत बसतात. मी तरी बसलो असतो.

कलम १. राहते घर माझी पत्नी सौ. चारुलता हिला द्यावे. तिच्या पश्चात ते मुलगा चिन्मय याला मिळावे, आधी नाही. गेल्या दिवाळीत चिन्मय पुण्याहून आला तेव्हा त्याने भिंतीवर टिचकी मारून "बाबा, बांधकाम कोणत्या सालचं आहे हो?" असे विचारले होते. प्रश्न साधा असेलही. माझ्या मनातून तो गेलेला नाही.

कलम २. बँकेतील ठेवी चारुलताच्या नावे आहेतच. तिथे मी आधीच बंदोबस्त केलेला आहे.

कलम ३. आता माझ्या खऱ्या मालमत्तेकडे वळतो. माळ्यावरच्या हिरव्या पेटीत माझी विमाने, तारा, हँडल आणि तीन इंजिने आहेत. कॉलेजात एनसीसीच्या हवाई शाखेत असताना हा नाद लागला, तो सुटला नाही. ही विमाने रेडिओवर चालत नाहीत. विमानाच्या पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात आणि माणसाच्या हातातल्या हँडलला येऊन मिळतात. माणूस मधोमध उभा राहून गरगर फिरतो आणि विमान त्याच्याभोवती घुमते. यात एकच अडचण आहे. विमान सोडायला दुसरा माणूस लागतो. तो विमान धरून जमिनीवर बसतो, इंजिनाने नीट सूर धरला की आपण मान हलवायची आणि त्याने सोडायचे. म्हणजे आपल्या विमानावर दुसऱ्याचा हात पडतोच. म्हणून उडवण्याआधी प्रत्येक वेळी त्याच्या हातात विमान देऊन मी तारा जिवाच्या आकांताने ओढून बघतो. तुटायचे ते जमिनीवर तुटावे. माणसांनाही मी आयुष्यभर असेच ओढून पाहिले, असे चारुलता म्हणते.

कलम ४. हा दुसरा माणूस म्हणजे किसनराव तुकाराम म्हस्के, शेतकरी, राहणार अमडापूर. कॉलेजात माझा सोबती होता. सोयाबीन निघाले की त्याच्याच रिकाम्या शेतात मी विमाने उडवतो, कारण गावात दुसरी मोकळी सपाट जागा नाही. त्याच्याशिवाय भागत नाही, याचा अर्थ त्याच्यावर विश्वास आहे असा कोणी काढू नये.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी नागपूरला स्पर्धा होती. विमान मी बांधले होते आणि त्याला सहा सीसीचे इंजिन निवडले होते. इंजिनावर पत्र्याचे झाकण होते, आतले बाहेरून दिसत नसे. विमान वर गेले आणि आवाजावरूनच मला कळले की इंजिन सहाचे नाही. तारांना ओढ नव्हती, वेग नव्हता. आम्ही शेवटचे आलो. झाकण काढले तर आत साडेतीन सीसीचे इंजिन, आणि नाकात ठोकून बसवलेला शिशाचा तुकडा. मला हळू करण्यासाठी वर वजनही घातले होते! विमानाजवळ त्या दिवशी फक्त किसन होता. मी विचारले तर म्हणाला, "मले काय मालूम?" तो शिशाचा तुकडा पुरावा म्हणून मी आजवर पेटीत जपून ठेवला आहे, आणि पेटीची किल्ली जानव्याला असते.

वकीलसाहेब म्हणाले की मृत्युपत्रावर ज्याची साक्ष असते त्याला त्यातून काही देऊ नये, पुढे भांडणे होतात. म्हणून साक्षीदार म्हणून मी किसनरावांचे नाव मुद्दाम घातले आहे. म्हणजे सही तो करील आणि मिळणार त्याला काही नाही.

कलम ५. नागपूरच्या विमानाचा नकाशा माझ्याकडे होता. त्यावरून मी अगदी तसेच विमान नव्याने बांधले आहे. फक्त इंजिन बसवायचे राहिले आहे. अडीच, साडेतीन आणि सहा अशी तीन इंजिने टेबलावर मांडली आहेत. या विमानाला जो योग्य इंजिन निवडील त्याला विमान, इंजिने आणि हँडल, सगळे मिळेल. हँडल आजवर मी दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेले नाही. मी गेल्यावर ते भंगारात जाणार की उडणार, एवढीच मला काळजी आहे.

इंजिन निवडताना लोक आपली हौस बघतात. फार लहान लावले तर विमान डोक्यावर आले की तारा ढिल्या पडतात आणि ते आपल्याच टाळक्यात येते. फार मोठे लावले तर नाक जड होते, विमान वळायला कुरकुरते आणि हात उपटून काढते. वजन, पंख, तारांची लांबी, सगळे बघावे लागते. माझे उत्तर सहा हेच आहे आणि ते मी कोणाला सांगितलेले नाही.

दिवाळीत चिन्मयला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मोठंच लावा ना बाबा, पॉवर जास्त." उत्तर बरोबर होते, पण त्यामागचे कारण चूक होते. शिवाय त्याने तिन्ही इंजिनांचे फोटो काढले. विकायला टाकले असावेत असा माझा संशय आहे. चारुलताने एकही न बघता सांगितले, "अहो, ज्याचा आवाज कमी ते लावा."

कलम ६. हे कलम चार दिवसांनी लिहीत आहे. वरचे काहीही खोडलेले नाही.

किसनराव साक्षीची सही कधी करायची ते विचारायला आला होता. टेबलावरचे विमान पाहून त्याने ते दोन्ही हातांनी पंखाखाली उचलले, बोटांवर तोलले, परत ठेवले. मग माझ्या उजव्या खांद्यावर अंगठा दाबला. माझ्या तोंडून आवाज निघाला.

"हा अजून दुखते का बे?" तो म्हणाला आणि त्याने साडेतीनचे इंजिन उचलून विमानाजवळ ठेवले.

मी म्हणालो, "खांद्याचं तुला कोणी सांगितलं?" स्पर्धेच्या आधी मी होस्टेलच्या जिन्यावरून पडलो होतो. ते मी एनसीसीच्या सरांना, घरी, कोणालाच कळू दिले नव्हते.

"सांगाले कायले पायजे? बाही घालताना तोंड वाकडं करत होता तू. डाव्या हातानं बादली उचलत होता. मले दिसत नव्हतं का?"

"म्हणजे इंजिन तूच बदललंस."

"हाव, मीनंच बदललं. सहाच्या इंजिनानं तुह्या खांद्याची वाट लावली असती. हँडल सुटलं असतं त थे विमान सामने बसलेल्या पोराइवर गेलं असतं. सरांले सांगतलं असतं त त्यांनी तुले उतरवलं असतं. मंग जन्मभर रडत बसला असता."

"आणि शिसं? ते कशाला घातलंस?"

"काऊन म्हणजे? इंजिन हलकं लावलं, नाक नको का सांभाळाले? तूच त शिकवलं मले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलं कवा? तू त मैदानावरच मले चोर म्हणून मोकळा झाला. मंग मी म्हटलं, राहू दे."

तो चहा पिऊन गेला. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवलेला नाही, माझा तो स्वभाव नाही. दार लावून मी विमानावर सहाचे इंजिन बसवले आणि ते बोटांवर तोलले, ते सरळ राहिले. मग ते काढून साडेतीनचे बसवले. शेपूट खाली गेली. पेटीतला शिशाचा तुकडा काढून नाकात ठेवला. विमान बोटांवर सरळ उभे राहिले, जरासुद्धा हलले नाही.

ज्याला माझे विमान पाडायचे होते त्याने शेपूट जड तशीच सोडली असती. मी शाळेत आयुष्यभर मुलांना तोल शिकवला आणि हा तुकडा इतकी वर्षे उलटा वाचला. मला रडू आले. चारुलता स्वयंपाकघरात होती. तिने पाहिले नाही, असे मी धरून चालतो.

याला कोणी माफीनामा समजू नये. त्याने मला त्याच दिवशी सांगायला हवे होते, आणि ते मी त्याला सांगितले आहे.

कलम ७. विमान, साडेतीनचे इंजिन आणि माझे हँडल किसनराव तुकाराम म्हस्के यांना द्यावे. शिशाचा तुकडा आता विमानाच्या नाकात आहे, तो तिथून काढू नये. उरलेली दोन इंजिने चिन्मयला द्यावीत, मग त्याने विकली तरी चालतील. मात्र वर्षातून एकदा, सोयाबीन निघाल्यावर, चिन्मयने गावी यावे, किसनकाकांचे विमान धरून जमिनीवर बसावे आणि ते मान हलवतील तेव्हा सोडावे. त्याआधी किसनरावांनी तारा ओढून बघाव्यात. चिन्मयने राग मानू नये.

किसनराव माझ्याआधी गेल्यास हे कलम रद्द समजावे. तो मुद्दाम तसे करील अशी मला भीती वाटते, आणि त्याच्याविषयी आता एवढाच संशय माझ्या मनात शिल्लक आहे.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला, चारुलताकडूनही वाचून घेतला आणि त्याखाली सही करत आहे.

स्थळ: अमडापूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४
सही: मार्तंड गोविंद धर्माधिकारी

साक्षीदार क्र. १: डॉ. जयमाला ठेंग, अमडापूर. (सही)

साक्षीदार क्र. २, नव्याने घेतलेले: श्री. दीपक खंडारे, पोस्टमन, अमडापूर. (सही) यांना काही मिळणार नाही याची त्यांना कल्पना दिली आहे.

साक्षीदार क्र. २, आधीचे: श्री. किसनराव तुकाराम म्हस्के. हे नाव मी स्वतः खोडले आहे, बाजूला माझी सही आहे. कारण: आता त्यांना द्यायचे आहे.