रूथचं कार्ड

५ मार्च, राखेचा बुधवार
कपाळावर राख घेऊनच अंगणवाडीत गेले. पुसली नाही. ईस्टरपर्यंत एक वेळ जेवण, चहा बंद. ईस्टरनंतर लेकीचं, रूथचं लग्न. योहान असता तर बहिणीच्या लग्नात नाचला असता. सिकलसेलनं, त्या रक्ताच्या आजारानं नेला, तीन वर्षं झाली.

८ मार्च
ब्रह्मपुरीहून सुशीलाबाई आल्या, होणाऱ्या जावयाची, संदेशची आई. रूथ नागभीडला कामावर. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी लेकरू गेलं म्हणून विचारून राह्यली. रूथची तपासणी केली ना?"
म्हटलं, केली. चांगली आली.
रूथ वाहक आहे. तिला त्रास काही नाही, पण दोष रक्तात आहे. तपासणीचं कार्ड पेटीत, कपड्यांच्या खाली. हे बाजूलाच बसून ऐकत होते. मागचं स्थळ त्या कार्डानंच मोडलं.
राख लागून तीन दिवस झाले फक्त.

१७ मार्च
अंगणवाडीत पोरींच्या आयांची बैठक. नेहमीचंच सांगितलं, लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा, दोघंही वाहक असले तर लेकराला पुरा आजार होऊ शकतो. आम्ही दोघांनी न तपासता लग्न केलं, हेही नेहमी सांगते. आज तिथं आवाजच बसला. बायांना वाटलं उपवासानं.

२१ मार्च, शुक्र.
चर्चमध्ये क्रूसाची वाट, येशूच्या दुःखाच्या चौदा स्थानांची प्रार्थना. चौथ्या स्थानापाशी, जिथं येशूला आई भेटते, तिथून पुढे पाय उचलेना. योहान म्हणायचा, हाडं कोणी कुटून राह्यलं आई. संदेशलाही तोच दोष असला, आणि रूथच्या लेकराला...

२८ मार्च
ह्यांना म्हटलं, सांगून टाकते. म्हणाले, "पोरगी सव्वीसची झाली. त्याचं रक्त चांगलंच असन. काऊन मोडतं?" मग जेवले नाहीत.

३० मार्च
सकाळी रूथ आणि मी मोहफुलं वेचायला. वेचता वेचता म्हणाली, "माह्या कार्डाचं माहीत असून त्याहीनं हो म्हटलं. अशे लोक कुठी भेटतात, आई?"
तिला वाटतं मी सांगितलं आहे.
मी वेचत राहिले. टोपलीत पालाच जास्त.

५ एप्रिल
पापस्वीकाराला गेले. फादर म्हणाले, माफी आहे, पण त्यांना सांगावं लागेल. म्हटलं, हिंमत नाही, उपवास वाढवते. म्हणाले, "उपवास कमी करा, बाई. हिंमत नाही, हेच देवाला सांगा. द्यायचं काम त्याचं."
राग आला. एवढे दिवस उपाशी राहिले ते काय? घरी येऊन चहा केला, दोन कप प्याले. मग भिंतीकडे तोंड करून तेवढंच म्हटलं, माझ्याजवळ नाही.

१२ एप्रिल
जीपनं ब्रह्मपुरीला. लग्नाच्या साड्या पाहायचं ठरलं होतं. सुशीलाबाईंनी साडी उलगडली आणि मी सांगून टाकलं. ठरवून गेले नव्हते. माझ्या तोंडून निघालं, पण माझ्या जोरावर नाही.
त्यांनी साडी परत घडी केली. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तर आई आहा." जीपपर्यंत कोणी आलं नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
आधी रूथला सांगायला हवं होतं. संदेशचा फोन तिला आला, तेव्हा तिला कळलं. चर्चमधून आल्यावर म्हणाली, "मोडलं असतं तं मोडलं असतं. तू मले त्याच्यासमोर खोटी केलं." त्यानंतर बोलली नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
ब्रह्मपुरीचा फोन नाही. रूथ चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर. क्रूसाचं चुंबन घ्यायला गेले तर देवाला मागायला काहीच सुचेना. हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

२१ एप्रिल
संदेश घरच्यांना न आणता येऊन सरकारी दवाखान्यात रक्त देऊन गेला. रूथ सोबत गेली होती. रिपोर्ट आठ दिवसांनी.
संध्याकाळी आंगणात ती माझ्याजवळ बसली, आठवड्यानंतर पहिल्यांदा. "त्याच्यातबी निघालं तं?"
सारं ठीक होईल, हे जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "मले माहीत नाई, बेटा."
ती उठली नाही.