फोटोत माणूस नको

मुहर्रक, गुरुवार, १२ फेब्रुवारी

डोकं अजून तापलेलंच आहे. मनूचा शाळेचा प्रोजेक्ट: ब्राझील, तेव्हा आणि आता. ओसाड माळावर उभारलेली नवी राजधानी, रुंद रस्ते, काचेच्या इमारती. बारा फोटो चिकटवलेत पोरीनं, आणि एकातही माणूस नाही!

"अगं, हे बांधलं कोणी? दूरच्या दुष्काळी गावांतून आलेल्या मजुरांनी. शहर झाल्यावर त्यांनाच बाहेरच्या वस्त्यांत पाठवलं. ते कुठायत यात?"

"पप्पा, इट्स नॉट इन द बुक."

पुस्तकात नाही म्हणे! आपटलंच मी ते पुस्तक. राबायला माणसं हवीत, दाखवायला नकोत?

मग तिला दाखवायला इथल्या, आखातात भर टाकून केलेल्या अमवाज बेटांच्या साइटवरचे माझे जुने फोटो काढले. मी तिथे फोरमन होतो, दर आठवड्याचे प्रोग्रेस फोटो मीच काढायचो. रस्ता, पाइपलाइन, पंप हाउस. मनूनं सगळे पाहिले.

"बट पप्पा, व्हेअर आर द पीपल?"

साहेबांना फोटो स्वच्छ लागायचा, हे खरं. पण कॅमेरा हातात घेऊन ओरडायचो मीच: "यल्ला, सब हटो, फोटो लेना है!"

आणि ते फावडी उचलून निमूट हटायचे.